घोडा उतरवणारी कळ : एका संग्रहाची समीक्षा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

पिस्तुलांवर बोलणार म्हटल्यावर आयोजकांनी मला दोनदा विचारलं, "सर, नक्की?" नक्की. मी शस्त्र बाळगत नाही, माझ्याकडे लायसन्स नाही, आणि घ्यायचा विचारही नाही. मी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवलं. पण पुस्तकाची समीक्षा होते, चित्रप्रदर्शनाची होते, मग संग्रहाची का होऊ नये? संग्राहक काय निवडतो, काय वगळतो, कशाच्या शेजारी काय ठेवतो, यात एक विधान असतं. ते तपासून बघता येतं.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, ओहायो राज्यात. तिच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आयुष्य लेथवर काढलेले. त्यांच्या तळघरात पोलादी कपाट, आणि कपाटात अकरा सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं. सगळ्यांत एकच गोष्ट समान : घोडा सुरक्षितपणे खाली उतरवणारी कळ, आणि तीही फ्रेमवर बसवलेली. इंग्रजीत तिला डीकॉकर म्हणतात. मी तीन संध्याकाळी त्या कपाटासमोर बसलो. प्रत्येक पिस्तूल हातात देण्याआधी ते मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, आत बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करायचे. रोज, प्रत्येक वेळी. हे आधी सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल.

आता ही कळ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे बोलताना चाप आणि घोडा यांची गल्लत होते. चाप म्हणजे बोटाने ओढतो तो. घोडा म्हणजे मागे असतो तो छोटा हातोडा, जो फायरिंग पिनवर आपटतो. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढून सोडली की काडतूस नळीत जातं आणि घोडा मागे चढलेला राहतो. समजा आता गोळी झाडायची नाहीये. घोडा उतरवायचा कसा? जुनी पद्धत अशी : अंगठ्याने घोडा धरायचा, चाप ओढायचा, आणि घोडा हळूहळू पुढे सोडायचा. म्हणजे बघा, भरलेल्या पिस्तुलाचा चाप ओढायचा, आणि सगळा भरवसा अंगठ्यावर! अंगठा घामेजला असेल, थंडीने बधिर झाला असेल, तर संपलं. हा अंगठ्यावरचा भरवसा काढून घेणं, एवढंच या कळीचं काम.

ही कळ बसवायच्या जागा दोन. वाल्थरच्या पीपीवर, १९२९ सालच्या, आणि पुढे १९३८ च्या पी-३८ वर ती स्लाइडवर आहे. खाली दाबली की फायरिंग पिन अडते आणि घोडा पडतो. चांगली सोय आहे. पण स्लाइड हा हलणारा भाग. घाईत स्लाइड ओढताना हाताच्या धक्क्याने कळ नकळत खाली जाऊ शकते, आणि गरजेच्या क्षणी पिस्तूल मुकं राहतं. शिवाय ती उंचावर, अंगठा ताणावा लागतो. दुसरी जागा फ्रेमवर, म्हणजे न हलणाऱ्या सांगाड्यावर. तिथे अंगठा मुठीची पकड न सोडता पोचतो. आमच्या गृहस्थांनी हा दुसरा पंथ निवडला होता. निवड विचारपूर्वक होती, याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

आता कपाटाकडे वळू. पहिलं पिस्तूल झाउअर ३८-एच. जर्मनीतल्या झूल गावी १९३८ पासून बनलेलं, ७.६५ मिलिमीटरचं. घोडा आत लपलेला, आणि डाव्या बाजूला चापाच्या मागे कळ. ही कळ दोन्ही कामं करते : घोडा चढलेला असेल तर उतरवते, उतरलेला असेल तर चढवते. त्या काळाच्या मानाने अक्कल चकित करणारी आहे. पण संग्राहकांच्या बाजारात या पिस्तुलाला भाव कशाने येतो? अकलेने नाही. गरुड आणि स्वस्तिकाच्या शिक्क्याने येतो. त्याच कारखान्याचं, त्याच कळीचं पिस्तूल, पण नाझी पोलिसांचा किंवा लष्कराचा शिक्का असला की किंमत चढते. आमच्या गृहस्थांचं पिस्तूल शिक्क्याचं होतं आणि त्यांनी ते शिक्का दिसेल असं ठेवलं होतं. मी विचारलं, कळ दुसऱ्या बाजूला आहे ना? ते म्हणाले, "हो, पण लोक हीच बाजू बघतात." मंडळी, माझा पहिला आक्षेप हा. ज्या संग्रहाचा विषय कळ आहे, त्यात कळ भिंतीकडे तोंड करून आणि शिक्का समोर, म्हणजे संग्रहाने स्वतःचा विषय बाजाराला विकला. युद्धाच्या शेवटी शेवटी याच पिस्तुलावरची स्लाइडची वेगळी सेफ्टी वगळली गेली, वरची घासाईही खडबडीत झाली. पण उतरवणारी कळ टिकली. काय काढता येतं आणि काय काढता येत नाही, हे त्या खडबडीत पिस्तुलातून जास्त कळतं. तसं एकही कपाटात नव्हतं. ते "देखणं" नसतं.

दुसरं पिस्तूल सिग-झाउअर पी-२२०. सिग ही स्वित्झर्लंडची कंपनी, मुळात रेल्वेचे डबे बनवणारी. १९७५ साली स्विस लष्कराने हे पिस्तूल घेतलं. स्विस निर्यातीचे नियम कडक, म्हणून सिगने जर्मनीतल्या झाउअरशी हातमिळवणी केली. झाउअर तोवर झूल सोडून पश्चिम जर्मनीत एकर्नफोर्डला आलेली होती. आता संग्राहक सांगतात की ३८-एचची कळ वारशाने थेट पी-२२० वर आली. गोष्ट छान आहे, कपाटात शेजारी शेजारी ठेवली की पटतेही. पण हातात घेऊन बघा. ३८-एचची कळ चढवते आणि उतरवते, आणि उतरवताना ती अंगठ्याने हळू सोडावी लागते. म्हणजे अंगठ्यावरचा भरवसा अर्धा शिल्लक आहेच. पी-२२० ची कळ फक्त उतरवते. दाबली की घोडा पुढे येतो आणि सुरक्षा-खाचेत अडतो, फायरिंग पिनला टेकतच नाही. शिवाय पिनला वेगळा अडसर, तो चाप पूर्ण ओढल्याशिवाय सुटत नाही. सोडली की कळ स्प्रिंगने जागेवर परत. तिला "बंद" अशी जागाच नाही, म्हणजे विसरायलाही काही नाही. जागा आणि घराणं मिळतंजुळतं असेल, विचार मात्र बदललेला आहे. वारसा म्हणून दाखवताना हा बदल झाकला जातो, हा माझा दुसरा आक्षेप.

पुढचा खण मला सगळ्यात आवडला. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या पोलिसांना नवं पिस्तूल हवं होतं. अट अशी की भरलेलं बाळगता यावं, आणि काढल्यावर कुठलीही सेफ्टी उघडावी न लागता चालावं. त्यातून तीन पिस्तुलं निवडली गेली : वाल्थरचं पी-५, सिग-झाउअरचं पी-६ आणि हेकलर अँड कॉखचं पी-७. पी-५ मध्ये एकच कळ घोडा उतरवते आणि स्लाइडही सोडते. पी-६ च्या घोड्याला टोकाशी खाच असलेला एक विचित्र आकडा आहे. पिस्तूल घोड्यावर पडलं तर तो आकडा वाकतो आणि कारागिराला कळतं की तपासणी हवी. बघा, किती साधी युक्ती! याच पी-६ ना संग्राहक पोलिसांची जुनी, वापरलेली म्हणून नाक मुरडतात. आमच्या गृहस्थांनी दोन ठेवली होती. शाबास.

पण पी-७ नव्हतं. का, तर त्यात कळ नाही. तिथे मुठीचा पुढचा भाग दाबला की पिस्तूल चढतं, मूठ सैल केली की उतरतं. व्याख्येप्रमाणे बाहेर, कबूल. पण अहो, एकाच परीक्षेला तीन विद्यार्थी बसले आणि तुम्ही दोघांच्याच उत्तरपत्रिका ठेवल्या! तिसऱ्याचं उत्तर वेगळं आहे म्हणूनच ते शेजारी हवं. व्याख्या जपली आणि प्रश्न हरवला, असं इथे झालंय.

आणखी एक गैरहजेरी. इटलीच्या बेरेटाचं मॉडेल ९२, सत्तरच्या दशकातलं, सुरुवातीला फ्रेमवर सेफ्टी घेऊन आलं. पुढे बेरेटाने ती स्लाइडवर नेली आणि तिला घोडा उतरवायचं काम दिलं. ब्राझीलमधला बेरेटाचा कारखाना मात्र १९८० साली टॉरस कंपनीने घेतला, आणि टॉरसने कळ फ्रेमवरच ठेवली. नंतर तिलाच घोडा उतरवायलाही शिकवलं. वर ढकलली तर सेफ्टी, खाली दाबली तर घोडा खाली. म्हणजे एका आईची दोन लेकरं, एकाच प्रश्नावर दोन वाटांना लागली. फ्रेम विरुद्ध स्लाइड हा वाद समजावून सांगायला यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही. कपाटात टॉरस नव्हतं. "स्वस्त माल," म्हणाले. लेथवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने हे म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

आता जरा अवघड मुद्दा. कपाटात एक पी-२२६ होतं, अजून खोक्यात, कागदांसह, कधीही न झाडलेलं. स्लाइडवर "वेस्ट जर्मनी" असा शिक्का. १९९० मध्ये जर्मनी एक झाला आणि तो "वेस्ट" गेला. त्यामुळे आधीच्या मालाला भाव. हे मी समजू शकतो, धातूवर इतिहासाची तारीख कोरली गेली आहे. पण मी विचारलं, याची कळ दाबून बघू का? ते पटकन म्हणाले, "नको. खूण पडेल." ज्या कळीसाठी पिस्तूल घेतलं ती कळ कारखान्यातून बाहेर पडल्यापासून एकदाही दाबलेली नाही! कोऱ्या पानांचं पुस्तक जपून ठेवल्यासारखं झालं हे. यंत्राचा अर्थ त्याच्या हालचालीत असतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत ना, मोर, घोडे, माणसं अशा आकारांचे, ते बघताना आपला हात आपोआप सुपारी कातरल्यासारखा हलतो. केळकरांनी ते घराघरांतून गोळा केले, वापरून झिजलेले. झीज हा तिथे दोष नाही, ती साक्ष आहे.

आता कळीचीही समीक्षा करायला हवी, नाहीतर मी तिचा भाट ठरेन. ही कळ दाबली तरच वाचवते. घाबरलेला माणूस पिस्तूल परत म्यानात घालताना ती दाबायला विसरू शकतो. दुसरं, घोडा उतरलेला असताना पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड लागतो, दुसरीपासून छोटा आणि हलका. एकाच शस्त्राचे दोन चाप शिकावे लागतात. १९८४ च्या अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांत शेवटी बेरेटा आणि पी-२२६ हे दोनच उरले, दोन्हींत उतरवणारी कळ, एकाची स्लाइडवर, एकाची फ्रेमवर. किमतीवर बेरेटा जिंकलं. आणि २०१७ मध्ये त्याच लष्कराने सिगचंच पी-३२० निवडलं, ज्याला बाहेर घोडाच नाही. घोडा नाही, मग उतरवायचं काय? ज्या गोष्टीने एक चूक टाळली, ती गोष्ट लक्षात ठेवणं हीच पुढे दुसरी चूक व्हायची शक्यता ठरली. एक प्रकरण जवळपास संपलं. कदाचित म्हणूनच ते आता जमवावंसं वाटतं.

आपल्याकडे असा संग्रह करता येणार नाही, आणि मला त्याची खंत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. वारशाने आल्या तरी मर्यादा तीच. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो, पण शस्त्र नीट बघत नाही. हळदकुंकू लावलं की प्रश्न विचारणं थांबतं. तिकडे शिक्क्यांना भाव, इकडे हळदकुंकू. न बघण्याच्या या दोन तऱ्हा.

शेवटचं. तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, ही कळच का? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, एकोणीस वर्षांचा असताना वडिलांचं जुनं पिस्तूल हातात होतं, कळ नसलेलं. घोडा उतरवताना अंगठा सटकला. गोळी जमिनीच्या फळीतून खाली गेली. खाली आई कपड्यांना इस्त्री करत होती. तिला काही झालं नाही. ती वर आली नाही, ओरडली नाही, इस्त्री करत राहिली. त्या दिवसाबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही.

मी विचारलं, ते पिस्तूल कुठाय? म्हणाले, आहे, वर माळ्यावर, एका डब्यात.

मंडळी, माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच, आणि मी तो त्यांना तिथेच सांगितला. या संग्रहाचा पहिला नग कपाटात नाही. ते साधं, कळ नसलेलं पिस्तूल डावीकडे पहिलं ठेवा, मग बाकीची अकरा काय म्हणताहेत ते कोणालाही कळेल. शिक्के लागणार नाहीत, खोकी लागणार नाहीत. ते हसले, हो-नाही काही म्हणाले नाहीत. नेहमीसारखी स्लाइड ओढून, आत बोट घालून बघितलं आणि कपाट बंद केलं.

नंतर त्यांनी ते खाली आणलं की नाही, मला माहीत नाही. प्रश्न असतील तर घेऊ.