‘आम्ही नोंद ठेवत नाही’ : एका जाहिरातीची परीक्षा

शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुट्टीत एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, हे व्हीपीएन पैसे देऊन घ्यावं का?” कारण विचारताच त्या जरा घुटमळल्या. त्यांच्या गावात इंटरनेट पुरवतो तो केबलवाला, आणि त्याचा मुलगा त्यांच्याच वर्गात. बाईंना स्वतःच्या एका आजाराविषयी वाचायचे होते आणि ते गावात कोणाला कळू नये असे वाटत होते. मोबाइलवर मात्र रोज जाहिरात येत होती : ‘तुम्ही उघड्यावर आहात. आमचे व्हीपीएन घ्या आणि अदृश्य व्हा. लष्करी दर्जाची सुरक्षा. आम्ही कोणतीही नोंद ठेवत नाही. ऐंशी टक्के सूट, फक्त आजच.’

मी घाईत होतो. ‘घ्या की,’ म्हणून मोकळा झालो. घरी परतताना मात्र चुकल्यासारखे वाटत राहिले. प्रयोगशाळेत एखादे उपकरण घेताना त्याच्या माहितीपत्रकातील प्रत्येक दाव्याला आपण ‘कशावरून?’ असे विचारतो. इथे तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो आता विचारू या.

दोन लिफाफ्यांचा खेळ

व्हीपीएन म्हणजे काय, हे वर्गातही करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला ‘वाचक’ करा, दुसऱ्याला ‘पोस्टमन’ आणि तिसऱ्याला ‘ग्रंथालय’. वाचक आपली मागणी चिठ्ठीवर लिहून लिफाफ्यात घालतो, लिफाफा चिकटवतो आणि पोस्टमनकडे देतो. पोस्टमनला चिठ्ठी वाचता येत नाही, पण लिफाफा कोणाकडून कोणाकडे चालला आहे हे दिसते. इंटरनेटवर आजची स्थिती साधारण अशीच आहे. बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस पद्धत वापरतात, म्हणजे मजकूर कूटलिपीत जातो. पोस्टमनला, म्हणजे आपल्या केबलवाल्याला, संकेतस्थळाचे नाव, वेळ आणि माहिती किती वाहिली हे कळू शकते. त्या स्थळावरचे कोणते पान उघडले ते कळत नाही.

आता चौथा विद्यार्थी ‘मध्यस्थ’ म्हणून घ्या. वाचक आपला बंद लिफाफा आणखी एका मोठ्या लिफाफ्यात घालतो आणि त्यावर मध्यस्थाचा पत्ता लिहितो. मध्यस्थ बाहेरचा लिफाफा फोडतो आणि आतला लिफाफा स्वतःच्या नावाने ग्रंथालयाकडे धाडतो. हा मध्यस्थ म्हणजे व्हीपीएन. पोस्टमनला आता फक्त ‘मध्यस्थाकडे पत्र गेले’ एवढेच दिसते आणि ग्रंथालयाला वाटते की मागणी मध्यस्थाचीच आहे.

इथे खेळ थांबवून मुलांना विचारा, “वाचक ग्रंथालयाशी बोलतो आहे, हे आता कोणाला ठाऊक आहे?” पोस्टमनला नाही, ग्रंथालयाला नाही, पण मध्यस्थाला दोन्ही टोके ठाऊक आहेत. माहिती नाहीशी झालेली नाही. तिने फक्त जागा बदलली आहे. गावातल्या केबलवाल्याकडून ती निघाली आणि ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही अशा कंपनीकडे गेली. जाहिरातीतला ‘अदृश्य’ हा शब्द या पहिल्याच पायरीवर पडतो. शिवाय आपण गूगल किंवा फेसबुकवर स्वतःच्या नावाने आत शिरलो, तर व्हीपीएन असो वा नसो, ते आपल्याला ओळखणारच.

भीती किती खरी?

‘तुम्ही उघड्यावर आहात’ हा दावा अतिरंजित असल्याचा निर्वाळा एका नियामक संस्थेने दिलेला आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली नॉर्डव्हीपीएनची दूरचित्रवाणीवर एक जाहिरात होती. तीत आगगाडीतला एक माणूस सहप्रवाशांना आपले संकेतशब्द आणि बँकेचे तपशील वाटत सुटलेला दाखवला होता. तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने ती दिशाभूल करणारी ठरवली. सार्वजनिक वायफायवरही मजकूर मुळात कूटलिपीतच जात असतो, असाच मुद्दा त्यामागे होता.

‘लष्करी दर्जा’ या शब्दाचेही तसेच. एईएस नावाची जी कूटलेखनपद्धती त्यातून सूचित होते, ती अमेरिकेने २००१ साली मानक म्हणून स्वीकारली. ती सर्वांना खुली आहे, आणि आपला ब्राउझर बँकेच्या संकेतस्थळाशी बोलताना बहुधा तीच वापरतो, तीही फुकट. कुलूप चांगले आहेच. पण ते याच दुकानात मिळते असे नाही.

‘नाही’ सिद्ध कसे करायचे?

आता मुख्य दावा : ‘आम्ही नोंद ठेवत नाही.’ हा दावा नकारार्थी आहे. कंपनीचे यंत्र दूरच्या इमारतीत आहे, आत काय चालते ते आपल्याला दिसत नाही, आणि नोंद ठेवली तरी आपल्या मोबाइलवर काहीच फरक जाणवणार नाही. म्हणजे ग्राहकाला हा दावा घरबसल्या तपासताच येत नाही. मग पुरावा कुठून आणायचा? ज्या प्रसंगांची मांडणी कंपनीच्या हातात नव्हती असे प्रसंग शोधायचे. पोलीस तपास, न्यायालयाचे आदेश, माहितीची गळती हे त्या अर्थाने प्रयोगच आहेत.

काही प्रयोगांत दावा फसला. आयपीव्हॅनिश ही कंपनी नोंदी ठेवत नसल्याचे सांगत असे. पण २०१६ साली तिने अमेरिकी तपास यंत्रणेला एका ग्राहकाच्या नोंदी दिल्या होत्या, हे २०१८ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले. प्योरव्हीपीएनच्या नोंदी २०१७ साली एफबीआयच्या एका तपासात उपयोगी पडल्या. २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात मोफत व्हीपीएन सेवांचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला. नोंद ठेवत नाही असे म्हणणाऱ्या या सेवांच्या साठ्यात ग्राहकांच्या हालचालींच्या नोंदी होत्या.

काही प्रयोगांत दावा टिकला. एक्स्प्रेसव्हीपीएनचा एक सर्व्हर तुर्की पोलिसांनी ताब्यात घेतला होता. रशियाच्या राजदूताच्या हत्येच्या तपासात त्यांना त्यातून उपयोगी नोंदी मिळाल्या नाहीत, हे २०१७ मध्ये समोर आले. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनमध्ये मुलवाद या कंपनीच्या गोथेनबर्ग येथील कार्यालयात पोलीस झडतीचे आदेशपत्र घेऊन आले आणि ग्राहकांची माहिती न घेताच परतले. ही कंपनी ग्राहकाचे नाव किंवा ई-मेलही विचारत नाही. खाते म्हणजे केवळ एक सोळा आकडी क्रमांक. जे घेतलेच नाही ते देता येत नाही, हा युक्तिवाद ‘आम्ही देणार नाही’ या वचनापेक्षा पुष्कळ बळकट आहे.

परंतु प्रयोगाचा निष्कर्ष प्रयोगाच्या दिवसापुरता असतो. एक्स्प्रेसव्हीपीएन २०२१ साली केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने विकत घेतली. २०१७ चा निकाल जुन्या मालकांच्या काळातला आहे. तो नव्या मालकांना आपोआप लागू होत नाही, आणि त्यांच्याविरुद्धही जात नाही. बाहेरच्या तपासनिसांकडून करवून घेतलेल्या परीक्षणाबद्दलही तेच म्हणता येईल. ते असणे चांगले. मात्र त्याची तारीख, व्याप्ती आणि पूर्ण अहवाल वाचायला मिळतो की नाही, हे पाहावे.

परीक्षकाचा पगार कोण देते?

‘सर्वोत्तम दहा व्हीपीएन’ अशा याद्या आपण वाचतो. त्यांतील अनेकांना, वाचकाने तेथील दुव्यावरून खरेदी केली की दलाली मिळते. २०२१ साली तर वर उल्लेखिलेल्या केप कंपनीने व्हीपीएनमेंटॉर आणि विझकेस ही परीक्षणे छापणारी संकेतस्थळे चालवणारी कंपनीच खरेदी केली. सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या सेवा तिच्याकडे आधीपासूनच होत्या. उमेदवार आणि परीक्षक एकाच घरात राहू लागले, तर गुणपत्रिका खोटीच असेल असे नाही. पण आपण ती दुसरीकडून तपासून घेऊ.

फुकटाची किंमतही लक्षात घ्यावी. ओनाव्हो ही मोफत व्हीपीएन सेवा फेसबुकने २०१३ साली घेतली आणि लोक इतर कोणती ॲप किती वापरतात ते तिच्यातून पाहिले. ती २०१९ मध्ये बंद झाली. वापरकर्त्यांना हे नीट न सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. अर्थात प्रत्येक मोफत सेवा अशीच असते असे नव्हे. प्रोटॉन या स्वित्झर्लंडमधील कंपनीची मर्यादित मोफत सेवा तिच्या पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर चालते. खर्च कोण भागवते, याचे उत्तर सरळ मिळाले पाहिजे.

भारतातील नियम

२८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने निर्देश काढले. त्यांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जपायचे आहेत. २५ सप्टेंबर २०२२ पासून ते व्हीपीएन सेवांना लागू झाले. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. तेव्हा एखाद्या सेवेच्या यादीत ‘भारत’ दिसले, तर ते यंत्र प्रत्यक्षात कुठे आहे ते विचारावे. एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतीय पत्ता सिंगापूर आणि ब्रिटनमधील यंत्रांवरून देण्याची सोय केली.

यातून आणखी एक दावा तपासता येतो, ‘इंटरनेट वेगवान होते’ हा. मुंबई ते सिंगापूर अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० कि.मी. आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. जातो. म्हणजे फक्त जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. हवे असलेले पान मुंबईतल्याच यंत्रावर असेल, तर हा सारा हेलपाटा फुकटचा. वाटेत कोंडी असेल किंवा पुरवठादार मुद्दाम वेग रोखत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी लांबचा रस्ता जवळचा होत नाही.

पैशांचा हिशेब

सोयीसाठी आकडे धरू. एक महिन्याचा दर १,००० रुपये. दोन वर्षांच्या योजनेत ‘महिना फक्त २५०’. म्हणजे आज एकदम ६,००० रुपये भरायचे. आपण चार महिन्यांत कंटाळलो, तर महिना १,५०० रुपयांना पडला! दोन वर्षांनी नूतनीकरण महिना ८०० रुपयांनी झाले, तर तीन वर्षांचे १५,६०० होतात. सरासरी महिना ४३३. जाहिरातीतला अडीचशेचा आकडा खोटा नाही, अपुरा आहे. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो. तो आधी शोधावा. ‘आजन्म’ योजनेपासून तर लांबच राहावे. व्हीपीएनसिक्युअर या सेवेच्या नव्या मालकांनी २०२५ मध्ये जुन्या ग्राहकांची आजन्म खाती बंद करून टाकली. उलट मुलवादने २००९ पासून महिना ५ युरो हा एकच दर ठेवला आहे. तो स्वस्त नाही, पण हिशेब एका ओळीत संपतो.

घ्यायचेच ठरले तर एक महिन्याचे घ्यावे. मालक कोण, कोणत्या देशाचा कायदा लागू, नाव-पत्ता विचारतात का, ॲपचा संगणकीय मजकूर सर्वांना पाहायला खुला आहे का, दावा कधी कसाला लागला का, आणि नूतनीकरणाचा दर काय, ही सहा उत्तरे कागदावर लिहून काढावीत. त्यांपैकी दोन-तीन मिळाली नाहीत, तर सूट कितीही असो, पुढे जावे.

बाईंना मी नंतर फोन केला. आधी माझ्या घाईच्या उत्तराबद्दल माफी मागितली. मग म्हटले, “तुम्हाला नेमकं कोणापासून लपवायचं आहे?” केबलवाल्यापासून, एवढेच त्यांचे उत्तर होते. त्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नव्हती. घरचे वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर वाचले, तर केबलवाला वाटेत येतच नाही. वायफायवरच वाचायचे असेल, तर त्या आजारापुरत्या संकेतस्थळाऐवजी विकिपीडियासारख्या सर्वसाधारण स्थळावर वाचावे. त्याला ‘विकिपीडिया’ एवढेच दिसेल, लेख दिसणार नाही. ब्राउझरच्या खासगी खिडकीने फोनमध्ये इतिहास राहत नाही, घरातल्यांपुरता तिचा उपयोग. केबलवाल्यापुढे मात्र ती निरुपयोगी.

“पण मग मोबाइल कंपनीला कळेल ना?” बाईंनी विचारले. कळेल, संकेतस्थळाचे नाव नक्कीच. “ते चालेल,” त्या म्हणाल्या, “त्यांचा मुलगा माझ्या वर्गात नाही.”