हजार डोळे आणि झोपलेली माता

थॉमस बाल्मेस या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘बेबीज’ हा माहितीपट २०१० सालचा. नामिबियाची पोनिजाओ, मंगोलियाचा बायर, टोकियोची मारी आणि सॅन फ्रान्सिस्कोची हॅटी या चार बाळांचं जन्मापासून पावलं टाकेपर्यंतचं आयुष्य यात आहे. निवेदन नाही, कुणाच्या बोलण्याचं भाषांतरही नाही. म्हणून तर वांकिडीत तो दाखवताना काही अडलं नाही. आमच्याकडे एका खोलीत मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणाऱ्या बाया सहज जमतात. बायरच्या अंघोळीच्या पाण्याला शेळीनं तोंड लावलं तेव्हा सगळ्या एकदमच हसल्या.

तान्ह्या बाळाकडे बघण्याची हौस जुनीच. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये जे पहिले छोटे चित्रपट केले, त्यांतल्या एकात ओग्युस्त ल्युमिएर आपल्या मुलीला भरवतो. (भरवतो बाप, हे लक्षात घ्या!) आणि आपल्या जन्मकल्याणकात तर दोन डोळ्यांनी बाळ बघून तृप्ती होईना, म्हणून सौधर्म इंद्रानं हजार डोळे केले. पण त्याआधी काय घडतं? शची प्रसूतिगृहात जाते, मातेला मायानिद्रेत झोपवते, तिच्या कुशीत मायेचं बाळ ठेवते आणि खरं बाळ उचलून आणते. पंचकल्याणकात हा प्रसंग आपण कितीदा पाहिला असेल. झोपलेल्या मातेकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

बाल्मेसचा कॅमेरा नेमकं शचीचं काम करतो. तो बाळाच्या उंचीवर बसतो, त्यामुळे आया दिसतात त्या तुकड्यातुकड्यांनी: एक हात, छाती, पदराएवढं कापड. चौघींपैकी एकीचाही चेहरा मला आज नीट आठवत नाही. बाळंतपण, जागरणं, दुखणारी कंबर हे सगळं कापून टाकल्यावर जे उरतं ते गोडच असणार. चित्रपट लाघवी आहे, मी तो पुन्हा बघेन. पण त्याचा गोडवा आईला वजा करून मिळवलेला आहे.

एका दृश्यात बायरला दोरीनं खाटेला बांधून ठेवलंय. शहरातल्या माझ्या मैत्रिणींना ते बघवलं नव्हतं. इथं कुणी हळहळलं नाही. एकीनं फक्त विचारलं, “याची माय कुठं गेली कामाला?” इथल्या बाया कापूस वेचायला जातात तेव्हा झाडाला झोळी बांधतात, आणि वेचता वेचता एक कान झोळीकडे असतो. पडद्यावर नसलेली ती आई त्यांना लगेच दिसली. मोटारसायकलवर बाळंतीण घरी येते तेव्हाही तसंच. शहरात त्यावर हशा पिकला होता. इथं “टाके असतील ना गं?” एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

शेवटी बायर वाऱ्यात, मोकळ्या माळावर, एकटा उभा राहतो. चित्र सुंदर आहे. पण आजूबाजूला एकही मोठं माणूस नाही, आणि माझ्या शेजारच्या काकूंचे दोन्ही हात पडद्याच्या दिशेनं पुढे झालेले.