दिव्याखालचा अंधार : बल्बच्या कटाची अर्धी गोष्ट

वस्तू ठरावीक काळात निकामी व्हावी अशाच बेताने ती बनवायची, याला आपण नियोजित कालबाह्यता म्हणतो. या विषयावरच्या भाषणात एक गोष्ट हमखास येते. डिसेंबर १९२४, जिनिव्हा. ओसराम, फिलिप्स वगैरे बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचा गट स्थापन केला आणि दीड-दोन हजार तास चालणारा बल्ब हजार तासांवर आणला. कारखान्यांतून नमुने मागवून तपासले जात. बल्ब जास्त टिकला तर कारखान्याला दंड! मग वक्ता पडद्यावर कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब दाखवतो. १९०१ पासून चालू आहे म्हणे. टाळ्या.

ही गोष्ट मीही रंगवून सांगितली आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे.

लिव्हरमोरचा तो बल्ब आज साधारण चार वॅटचा उजेड देतो. त्याच्याखाली वर्तमानपत्र वाचून बघा! तार जितकी जास्त तापते, तितका तेवढ्याच विजेत उजेड जास्त. पण ती लवकर तुटते. कमी तापवली तर टिकते, पण तेवढ्याच उजेडासाठी वीज जास्त लागते. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानेही १९५१ च्या अहवालात हजार तास ही वाजवी तडजोड मानली होती.

मग फीबसवाले निर्दोष का? मुळीच नाही. जिन्यातला उंचावरचा बल्ब सारखा बदलणं जिवावर येतं. तिथे टिकाऊ हवा. अभ्यासाच्या टेबलावर लख्ख हवा. ही निवड गिऱ्हाइकाची होती. ती कंपन्यांनी बंद दाराआड केली आणि दंड लावून इतरांची वाटही बंद केली. गुन्हा हजार तासांत नाही, या लपवाछपवीत आहे.

हा फरक एवढा ताणतोय, कारण कटाची गोष्ट ऐकून आपण खलनायक शोधत बसतो. आज खलनायकाची गरजच उरलेली नाही. घरातला एलईडी बल्ब घ्या. २०१५ च्या उजाला योजनेपासून तो आपल्याकडे घरोघरी पोचला. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात, आणि बल्ब मात्र कधीकधी दोन दिवाळ्याही बघत नाही. पुष्कळदा आतले दिवे शाबूत असतात. उष्णतेने कॅपॅसिटर जातो. किंवा माळेतला एकच ठिपका जळतो आणि सगळा बल्ब अंधारतो. यासाठी जिनिव्हात बैठक लागत नाही. स्वस्तातला भाग आणि चिकटवून टाकलेलं झाकण पुरतं. आठवडी बाजारातला दुरुस्तीवाला तेच झाकण उचकटून बल्ब पुन्हा लावून देतो. म्हणजे वस्तू मेलेली नव्हती, फक्त उघडता येत नव्हती.

म्हणून नुसत्या शिक्षेच्या कायद्यावर माझा भरवसा कमी आहे. फ्रान्सने २०१५ साली नियोजित कालबाह्यता हा गुन्हा ठरवला. दोन वर्षं कैद, तीन लाख युरो दंड. पण कंपनीचा हेतू सिद्ध कोण करणार? त्यापेक्षा २०२१ पासूनचा त्यांचा दुरुस्ती निर्देशांक मला जास्त कामाचा वाटतो. वस्तू सहज उघडते का, सुटे भाग मिळतात का, केवढ्याला मिळतात, यावर दहापैकी गुण. आणि ते दुकानात किमतीशेजारी लावायचे. इथे हेतू तपासावाच लागत नाही.

आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. पुढे निर्देशांकासाठी समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. आता तो कागदावरून खोक्यावर यायला हवा. तोवर निदान दुकानात विचारा : हे उघडतं का? भाग मिळतो का? केवढ्याला? दुकानदार वैतागेल. वैतागू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तोही कंपनीच्या माणसाला विचारायला लागेल.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.