वाशिष्ठीचे अवजल आणि नदीतील मासे : ‘किमान प्रवाह’ या मापदंडाची चिकित्सा

प्रस्तावना

मासे टिकण्यासाठी नदीत किमान पाणी राहिले पाहिजे, हा विचार आज सर्वमान्य आहे. मात्र या विचारामागील शास्त्र प्रामुख्याने थंड प्रदेशातील ट्राउट व सामन या माशांच्या नद्यांवर घडले, ही बाब आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदीला हा मापदंड कितपत लागू पडतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापदंडाची घडण

अमेरिकेतील टेनंट यांनी १९७६ मध्ये मोंटाना, वायोमिंग व नेब्रास्का येथील ११ प्रवाहांच्या पाहणीवरून एक प्रमाण मांडले. सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात मासे केवळ तगतात, ३० टक्क्यांत त्यांचा निभाव लागतो आणि ६० टक्क्यांत अधिवास उत्तम राहतो, असे त्याचे सार आहे. ट्राउटची मादी नदीतळाच्या खडीत अंडी घालते. त्या खडीतून थंड, प्राणवायुयुक्त पाणी खेळत राहावे लागते. पाणी उतरल्यास अंडी उघडी पडतात. अशा नदीत ‘किती पाणी?’ हाच पहिला प्रश्न असणे स्वाभाविक आहे.

वाशिष्ठीचे वेगळेपण

कोकणातील नदी स्वभावतः हंगामी आहे. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते, तर उन्हाळ्यात अनेक ठिकाणी डोह व कोंडींपुरती उरते. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत व भातखाचरांत शिरून अंडी घालतात. ‘वलगण’ हा शब्द याच ऋतुचक्रातून आला आहे.

वाशिष्ठीची ही लय १९६० च्या दशकात बदलली. कृष्णेच्या खोऱ्यातील कोयनेचे पाणी सह्याद्रीतून पश्चिमेकडे वळवून त्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. पोफळी व कोळकेवाडी येथील वीजगृहांतून बाहेर पडणारे हे पाणी ‘अवजल’ या नावाने वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवणुकीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा घातली आहे. म्हणजे येथे पाणी घटलेले नसून वाढलेले आहे. किमान प्रवाहाच्या परीक्षेत वाशिष्ठी सहज उत्तीर्ण होते, आणि नेमका येथेच मापदंडाचा अपुरेपणा उघड होतो.

बारमाही पाण्याचे लाभ नाकारता येणार नाहीत. चिपळूण परिसराची तहान त्यावर भागते; उन्हाळ्यात आटणाऱ्या डोहांतील काही मासेही त्यामुळे तगत असतील. परंतु पाणी सोडण्याची वेळ येथे पावसावर नव्हे, तर विजेच्या मागणीवर ठरते. पातळी एकाएकी चढली की काठच्या उथळ पाण्यातील पिल्ले वाहून जातात. एकाएकी उतरली की ती खडकांच्या खळग्यांत अडकतात. पॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रवाहाची पाच अंगे सांगितली : परिमाण, वारंवारता, कालावधी, वेळ आणि बदलाचा वेग. टक्केवारीचा मापदंड यांतील केवळ पहिले अंग मोजतो.

अधिवासाचा प्रश्न

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी व शिव नद्यांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. चिपळूणकरांनी भोगलेले नुकसान पाहता ही मागणी न्याय्यच होती. तथापि नदीतळ सरसकट सपाट केल्यास खडी, खडक व काठची झुडपे यांच्याबरोबर माशांची आश्रयस्थानेही जातात. डोहाचे मोल लोकपरंपरेने पूर्वीच ओळखले आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या नावाने राखलेल्या डोहात महासीर मासे आजही अभय मिळवून आहेत.

समारोप

‘अवजल’ आणि ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ या शब्दप्रयोगांत पाण्याचा विचार केवळ माणसाच्या उपयोगापुरता होतो. हे पाणी अन्यत्र नेण्याच्या योजनांची चर्चाही याच भाषेत चालते. सहा दशकांत त्या पाण्याभोवती स्थिरावलेली नदी व खाडी त्या हिशेबात येत नाही. म्हणून पाण्याची चढउतार टप्प्याटप्प्याने करणे, चढणीच्या काळात पात्रातील कामे थांबवणे, निवडक डोह न उपसता राखणे आणि नदीकाठच्या भोई व मच्छीमारांचे ज्ञान नियोजनात घेणे आवश्यक ठरते. नदीत पाणी किती आहे, या प्रश्नासोबत ते केव्हा व कसे येते, हा प्रश्न विचारला गेला नाही, तर भरलेली नदीही माशांना पारखी होऊ शकते.