जेवायचं काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्पोकेनसारख्या शहरांत ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या १९०५ साली स्थापन झालेल्या कामगार संघटनेचे कार्यकर्ते नाक्यावर सभा घेत. काम लावून देतो म्हणून फिरत्या मजुरांना लुबाडणाऱ्या दलालांवर ते तुटून पडत. भाषण रंगात आलं की मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथाचा बँड दणक्यात भजनं वाजवू लागे आणि वक्त्याचा आवाज बुडून जाई. मग कामगार संघटनेनं त्या भजनांच्या चालीच उचलल्या आणि त्यांत आपले शब्द भरले.

जो हिल या स्वीडनहून आलेल्या मजुराचं ‘द प्रीचर अँड द स्लेव्ह’ हे १९११चं गाणं याच घडणीचं. ‘इन द स्वीट बाय अँड बाय’ या १८६८च्या भजनाची चाल सगळ्यांच्या ओठांवर होती, त्यामुळे तालमीविना अख्खा जमाव धृपद उचलू शके. भजनात मरणानंतर रम्य किनाऱ्यावर भेटीचं वचन आहे. जो हिलचे मजूर उपदेशकाला एवढंच विचारतात : जेवायचं काय? उत्तर गोड आवाजात येतं : मिळेल, मेल्यावर, स्वर्गात. किनाऱ्याच्या जागी कवीनं ‘पाय’ (pie) हा साधा, तिकडे घरोघरी होणारा पदार्थ ठेवला आणि भजनातला सारा परलोक भुकेल्या माणसाच्या ताटाशी आणून सोडला. दुसऱ्या कडव्यात तर ढोलावर श्रोत्यांची सगळी नाणी पडेपर्यंतच टाळ्या आणि प्रार्थना चालतात. त्या नाण्यांत सगळा व्यवहार उघडा पडतो.

आपल्याकडेही सत्यशोधक चळवळीच्या जलशांनी तमाशाचा साचा ठेवून आशय बदलला, पुढं शाहीर अण्णा भाऊ साठ्यांनीही तेच केलं. लोकांच्या कानात मुरलेलं रूप हाताशी असताना नवं कशाला शोधायचं?

जो हिलच्या गाण्याचं शेवटचं कडवं मला सुरुवातीला सपाट वाटतं. देशोदेशीच्या कामगारांनो, एक व्हा, ही हाक कुठल्याही सभेत ऐकू यावी अशी आहे. पण लगेच धृपद उलटतं. आता कामगार फुकटखाऊंना सांगतात : तुम्हालाही जेवायला मिळेल, आधी रांधायला शिका, लाकडं फोडा. जिंकलेल्या मजुरांच्या तोंडी ना फाशीची भाषा आहे, ना सुडाची. ते समोरच्याला उपाशी ठेवत नाहीत, कामाला लावतात. आणि हे सगळं त्याच गोड, भाविक चालीत.