आमचे गिरिभ्रमणाचे वाङ्मय

मराठीत डोंगरभटकंतीवर आज जेवढे लेखन होत आहे, तेवढे पूर्वी क्वचितच झाले असेल. दिवाळीच्या अंकांत एखादा तरी दुर्गविषयक लेख नाही, असे वर्ष सहसा जात नाही. या विपुलतेविषयी आमची तक्रार नाही. सहा दिवस कचेरीत मान मोडून काम करणारा मनुष्य सातव्या दिवशी डोंगर चढतो आणि घरी येऊन चार पाने लिहितो, ही कोणत्याही भाषेस भूषणावहच गोष्ट होय. परंतु असे दहा लेख एकापाठोपाठ वाचले असता एक चमत्कारिक शंका मनात येते. हे दहा लेखक निरनिराळ्या डोंगरांवर गेले होते, की एकाच डोंगरावर दहा वेळा? पहाटेची गाडी तीच, धुके तेच, पायथ्याचा चहा तोच आणि शिखरावरचा कृतकृत्यतेचा सुस्काराही तोच. स्थलनामे खोडून टाकली तर कर्नाळा कोणता आणि कळसूबाई कोणती, हे सांगणे खुद्द लेखकासही कठीण जावे.

या शंकेची परीक्षा पाहावयाची तर ती प्रसिद्ध गडांवर न पाहता पालघरकडील डोंगरांवर पाहावी. पाम, बोईसर, तारापूर या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांस पश्चिमेकडे समुद्र आणि पूर्वेकडे डोंगरांची रांग, असे दुहेरी ऐश्वर्य लाभले आहे. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली. पुढे बोईसरला कारखाने उभे राहिले. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी गाडी विरारपुढे डहाणूपर्यंत धावू लागली. त्यामुळे काळदुर्ग, तांदुळवाडी, अशेरी हे गड आता शहरी माणसाच्या एका रविवारात सहज मावतात. तथापि रायगड-राजगडाच्या मानाने या गडांवर लिहिणारे थोडे. याचे कारण उघड आहे. येथे शिवचरित्राचा तयार प्रसंग हाताशी मिळत नाही. अशेरीवर पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगड आढळतो. तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला तो जानेवारी १७३९ मध्ये, चिमाजीआप्पांच्या वसईच्या मोहिमेत, आणि त्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर पडले. हा इतिहास थोर आहे. परंतु शाळेपासून पाठ झालेला नसल्याने त्यावर लेखकाची लेखणी आपोआप धावत नाही. जेथे पाठ केलेले उपयोगी पडत नाही, तेथे समोर असेल ते पाहावे लागते. आणि पाहण्याची सवय नसेल तर लेख धुक्यावरच संपतो.

काळदुर्गाचेच पाहा. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोबाची खिंड लागते. मार्गदर्शनपर टिपणांतून त्या खिंडीचा उल्लेख हटकून येतो: वाघोबाच्या देवळापाशी उतरावे, तेथून चढास लागावे. माहिती अचूक आहे. तिने आजवर कोणी वाट चुकला नसेल. परंतु वाघोबा हा वारल्यांचा जागता देव होय. ज्या रानात वाघ-बिबट्यांच्या शेजारी गुरे राखावयाची, त्या रानात वाघाशी केलेला तो एक करारच आहे. आश्विन वद्य द्वादशीस, वाघबारशीला, त्याची पूजा होते. आमच्या गिरिभ्रमणाच्या वाङ्मयात या देवास मोटारीच्या थांब्याचे काम मिळाले आहे! ज्या खिंडीत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी भयाशी तडजोड करून दिवस काढले, तेथे आमचा लेखक पाण्याची बाटली भरून घेतो आणि पुढच्या परिच्छेदात शिखरावर पोहोचतो.

या दोषाचे खापर गो. नी. दांडेकरांवर फोडण्याची एक पद्धत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही. दुर्गवर्णनातील भावविवशता त्यांच्यापासून आली हे खरे. परंतु त्यांच्या भावविवशतेच्या पाठीशी अनेक वर्षांची पायपीट होती आणि डोंगरातल्या माणसांशी सोयरीक होती. ‘माचीवरला बुधा’ (१९५८) या कादंबरीत त्यांनी मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर राहावयास गेलेला एक म्हातारा उभा केला. शहराजवळच्या डोंगराची ओढ मराठीत इतक्या निखळ स्वरूपात क्वचितच व्यक्त झाली असेल. त्या कादंबरीविषयी आमचा आक्षेप एवढाच की, बुधाचे एकाकीपण इतके सुंदर झाले आहे की डोंगरावर राहणे म्हणजे पोट भरणेही आहे, ही जाणीव त्या सौंदर्यात विरून जाते. तरीही डोंगराच्या मध्यभागी त्यांनी मनुष्य ठेवला. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांची विशेषणे घेतली. पायपीट घेतली नाही.

आता याच मुलुखातील दुसरे एक पुस्तक त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. डहाणू-उंबरगावकडील वारल्यांची वेठबिगारी, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी आणि १९४५ पासून त्यांनी केलेला उठाव, हा त्याचा विषय. कोणी त्यास गिरिभ्रमणाचे पुस्तक म्हणणार नाही. परंतु पाड्यापाड्यांतून, रानवाटांनी या बाई जेवढ्या चालल्या, तेवढे आमचे किती दुर्गयात्री चालले असतील?

त्या उठावाच्या आरंभीच्या संपांपैकी एक होता गवतकापणीच्या मजुरीसाठी. पावसाळा सरला की या टेकड्यांवरचे गवत कमरेइतके वाढून पिवळे पडते. आमच्या प्रवासलेखांत या गवतास ‘सोनेरी’ याखेरीज दुसरे विशेषण मिळाल्याचे आम्हांस आठवत नाही. ते वाऱ्यावर डुलते, लाटा उसळवते आणि लेखकास सागराचे स्मरण करून देते. हेच गवत कापून, बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे. नफा मालकाचा, विळा वारल्याचा. ऑक्टोबर १९४५ मध्ये, म्हणजे नेमक्या त्या सोनेरी दिवसांत, कापणारांनी विळे खाली ठेवले. आणि त्याच महिन्यात तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. हे एकदा वाचल्यावर त्या गवतास ‘सोनेरी’ म्हणताना लेखणी क्षणभर अडखळावयास हवी. विशेषण खोटे आहे म्हणून नव्हे. ते कोणाचे सोने, हा प्रश्न त्यात दडलेला आहे म्हणून.

येथे कोणी म्हणेल की, आठवड्याचा शिणवटा घालविण्यास गेलेल्या माणसाने जुन्या दुःखाचे गाठोडेही पाठीवर का घ्यावे? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. डोंगरावरील आनंद खरा आहे. त्यास लाजावयाचे कारण नाही. ज्या मध्यमवर्गीय घरातील मुले चार भिंतींत वाढतात, त्यांनी ओढ्याचे पाणी ओंजळीने प्यावे, उन्हाने करपावे, पायांत काटे मोडून घ्यावे, असे आम्हांसही वाटते. शिवाय केवळ दुःखावरच दृष्टी खिळवून लिहिलेल्या लेखनाचीही एक मर्यादा असते. गोदावरीबाईंच्या पुस्तकात डोंगर येतो तो बहुधा ओलांडून जाण्याचा. घटकाभर बसून पाहण्याचा क्वचितच. त्यांना तेवढी सवड नव्हती, आणि त्यांच्या कामाला ते शोभूनही दिसते. परंतु त्यामुळे मराठीत एक दरी पडली आहे. एका काठावर डोंगराचा आनंद, दुसऱ्या काठावर डोंगरातील माणूस. आणि मध्ये पूल नाही.

हा पूल अशक्य आहे असे मात्र नाही. तो बांधलेला आम्ही पाहिला आहे. फक्त तो शब्दांचा नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांस २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वारली चित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांत झाडे आहेत, टेकड्या आहेत, जनावरे आहेत. तारप्याभोवती फेर धरलेली माणसे आहेत आणि शेजारीच भात लावणारी, मोळी वाहणारी, मासे धरणारी माणसेही आहेत. नाही तो केवळ एकच: दूर उभा राहून हे सारे नुसते न्याहाळणारा. त्या चित्रांत डोंगर हे कोणासाठीही दृश्य नाही. प्रत्येक जण त्यात काहीतरी करीत आहे. नाच आणि श्रम एकाच भिंतीवर, एकाच तांदळाच्या पांढऱ्या रंगात नांदतात, आणि एकामुळे दुसरे फिके पडत नाही.

आमच्या लेखकाने वारली व्हावे असे आम्ही म्हणत नाही. तसा आव आणणे धुक्याच्या वर्णनाहूनही वाईट. तो पाहुणा आहे, आणि पाहुणा म्हणूनच त्याने लिहावे. परंतु पाहुण्याचाही एक धर्म असतो. ज्या घरी आपण जातो, तेथील माणसांची नावे आपण विचारतो, चूल कशावर पेटते हे पाहतो, आणि निघताना कोणाचे आभार मानावयाचे हे आपणांस ठाऊक असते. काळदुर्गाच्या कातळावर बसून पश्चिमेकडे सूर्य बुडताना पाहावा, अवश्य पाहावा. परंतु उतरताना खिंडीत वाघोबापुढे घटकाभर थांबावे, आणि शेंदूर लावणाऱ्यास त्या देवाची गोष्ट विचारावी. पुढल्या वर्षीच्या लेखात ती गोष्ट आली, तर धुके दोन ओळींनी कमी झाले तरी आमची हरकत असणार नाही.