खतपत्रांची कथा आपण कशी सांगतो?

फाल्गुन वद्य द्वितीया जवळ आली, की गावोगाव श्रीतुकाराम महाराजांच्या चरित्रावर कीर्तने सुरू होतात. त्यांत इंद्रायणीत कर्जाची खतपत्रे बुडविल्याचा प्रसंग येतोच येतो. मी स्वतः तो चाळीसएक वर्षे सांगत आलो. आता गळा थकला, नारदाच्या गादीवर उभे राहणे होत नाही, म्हणून इतरांची कीर्तने ऐकतो. ऐकताना ध्यानात येते, की हा प्रसंग आपण चुकीच्या अंगाने सांगतो. दोष तरुण मंडळींचा नाही. त्यांनी तो आमच्याकडूनच घेतला.

प्रथम कथा पाहू. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७७४ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तलीलामृता’त महाराजांचे चरित्र विस्ताराने आले आहे, पुढे बहुतेकांनी तेथूनच घेतले. महाराजांचे घराणे देहूचे महाजन. घरात व्यापार, सावकारी, आणि लोकांकडे येणे असलेली खते. इ. स. १६३०च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्यात व्यापार बसला, पत गेली, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. महाराज डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत गेले, दोघे इंद्रायणीच्या काठी आले. महाराजांनी वडिलांच्या वेळची खते मागवली आणि नदीत टाकायला निघाले. कान्होबा म्हणाले, तुमचे ठीक आहे, मला मुलेबाळे आहेत. तेव्हा महाराजांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, अर्धी बंधूंच्या हाती दिली आणि आपली अर्धी बुडवली.

एवढीच कथा. आता आपण तीत काय घालतो आणि काय गाळतो ते पाहावे.

पहिली गोष्ट, आपण हा प्रसंग निव्वळ वैराग्याचा करतो. धन म्हणजे माती, महाराजांनी माती पाण्यात टाकली, असे म्हणून गजर घेतो. पण खत म्हणजे नाणे नव्हे. खतावर दुसऱ्या कुणाचे तरी नाव असते. दुष्काळाने त्या माणसाचे बैल नेले, घरची माणसे नेली, शेत ओसाड पाडले. सावकाराच्या पेटीतला कागद मात्र शाबूत राहिला, आणि पाऊस पडो न पडो, व्याज चढतच राहिले. महाराजांना केवळ धन टाकायचे असते, तर वसुली करून ती रक्कम देवळाला देता आली असती. लोकांनी दानशूर म्हटले असते. त्यांनी वसुलीचा हक्कच सोडला. त्या दिवशी देहूच्या पंचक्रोशीत कितीतरी घरांत चूल जरा निश्चिंत पेटली असेल. आपल्या कीर्तनात त्या घरांना जागाच नसते.

कुणी म्हणेल, दुष्काळानंतर ती येणी बुडीतच होती, त्यात त्याग कसला? त्याला उत्तर कान्होबांनीच दिले आहे. कागद फुकटचे असते, तर त्यांनी अर्धा वाटा कशाला मागितला असता?

दुसरी गोष्ट कान्होबांची. आपण त्यांना लोभी ठरवतो. श्रोते हसतात, आपल्यालाही बरे वाटते. पण त्यांचे म्हणणे एका प्रपंची माणसाचे सरळ म्हणणे होते. हेच कान्होबा पुढे भक्त झाले. महाराजांच्या वियोगाने त्यांनी केलेले अभंग आपण आजही गातो. खरे पाहता या कथेचे मर्म त्या अर्ध्या वाटणीत आहे. महाराज थोरले होते, बळजोरीने सगळी खते बुडवू शकले असते. तसे केले नाही. दुसऱ्याच्या वाट्यातून त्यांनी धर्म केला नाही, दुसऱ्याला उपदेशही केला नाही. आपला भाग किती हे ठरवले आणि तेवढ्याची जबाबदारी पुरी केली. तरीही या त्यागाची झळ जिजाईंना लागलीच. त्यांचे बोलणे आपण विनोदासाठी वापरतो. त्यांच्या रिकाम्या डब्यांबद्दल बोलत नाही. घरधनी धर्म करतो तेव्हा त्याची किंमत घरातली बाई मोजते, हेही गादीवरून सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. दुष्काळाने आपल्याला पिळून काढले, याबद्दल महाराज एका अभंगात देवाचे आभार मानतात. हे प्रमाण घेऊन आपण समोर बसलेल्या गरिबाला सांगतो, की दारिद्र्य ही देवाची कृपाच आहे, प्रारब्ध म्हणून भोगावे. महाराज ते स्वतःच्या दुःखाविषयी बोलले. आपल्या ऋणकोंना, तुमचा दुष्काळ बरा झाला हो, असे ते म्हणाले नाहीत. त्यांची खते त्यांनी बुडवली. प्रारब्धाचा सिद्धांत ज्याने त्याने आपल्या दुःखाला लावावा, म्हणजे धीर येतो. शेजाऱ्याच्या दुःखाला लावला, की आपली मूठ झाकायला निमित्त मिळते. गुरुजनांनी आम्हाला हा विवेक शिकवला होता. आम्ही तो पाळला नाही.

हे मी दुसऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तीसेक वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. त्या दिवशीची पंगत गावातल्या एका मोठ्या गृहस्थांची होती. त्यांचे नाव घ्या, असा निरोप आला. मी खतपत्रांचाच प्रसंग लावला आणि शेवटी त्या गृहस्थांना महाराजांच्या मार्गावरचे दाते म्हणून गौरवले. टाळ्या पडल्या. पंगत उठल्यावर एक म्हातारे टाळकरी, जे दुपारपासून पत्रावळी उचलत होते, माझ्याजवळ येऊन बसले.

म्हणाले, “बुवा, एक विचारू का? महाराजांनी खतं बुडवली, मग ज्यांची नावं त्यात होती त्यांचं पुढं काय झालं?”

मी म्हणालो, “ते चरित्रात नाही, बाबा.”

मग हळूच म्हणाले, “माझं दोन एकर रान यांच्याकडं मुदत खरेदीनं लिहून दिलंय. मुलीच्या दुखण्यात पैसे घेतले. मुदत सरली. आता त्याच रानात मी रोजानं जातो.”

मी काय बोललो? “प्रारब्ध आहे, बाबा. नाम घ्या.” ते “रामकृष्णहरी” म्हणून पाया पडले आणि उठून गेले. माझ्या खिशात बिदागीचे पाकीट होते, ते त्याच गृहस्थांनी दिलेले. म्हणजे त्या दोन एकरांतला काही भाग माझ्याही घरी आला. इंद्रायणीच्या काठी अर्धी खते बुडवणाऱ्याची कथा मी सांगितली आणि परतलो तो न बुडवलेल्या खतांचा वाटेकरी होऊन.

तेव्हापासून मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही मला वेगळी दिसू लागली. पंतांनी बेदरच्या बादशहाचे कोठार दुष्काळात लुटवले. फार मोठे काम, जिवावरचे. पण धान्य बादशहाचे होते, म्हणून हिशेब उरला आणि तो फेडायला पांडुरंगाला विठू महार होऊन जावे लागले. महाराजांच्या प्रसंगात देव पैसे घेऊन येत नाही. जे स्वतःचेच होते ते सोडले, त्यात भरपाई कुणी कुणाला करायची? आणखी एक पाहा. याच इंद्रायणीने पुढे अभंगांच्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या परत दिल्या, असे आपण सांगतो. खते तिने परत दिली नाहीत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. फळाची इच्छा धरून दिलेले राजस, अवज्ञेने दिलेले तामस. माउलींनी तेथे विस्ताराने निरूपण केले आहे. प्रत्येक कीर्तनकाराने ते वर्षातून एकदा आपल्यासाठी वाचावे. पंगतीत नाव पुकारून घेणारा कोणत्या प्रकारात बसतो, आणि नाव पुकारणारा कोणत्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पंगती बंद करा, असे मी म्हणत नाही. भुकेल्याला अन्न मिळाले पाहिजे. दात्याचा भाव तपासेपर्यंत त्याने उपाशी राहू नये. व्यसन करू नका, ऐपतीबाहेर लग्ने करू नका, हेही गरिबाला सांगितलेच पाहिजे. महाराजांनी सचोटीचा धंदा आणि कष्ट यांची निंदा कधी केली नाही. पण हा उपदेश मंडपातल्या एकाच बाजूला तोंड करून होऊ नये. जो शेवटच्या रांगेत बसतो त्याला जबाबदारी सांगायची आणि जो पुढे लोडाला टेकून बसतो त्याला आशीर्वाद द्यायचा, ही आमची जुनी खोड आहे.

तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती. यंदा बीजेला हा प्रसंग सांगाल तेव्हा खतांवरच्या नावांची आठवण करा. कान्होबांना हसू नका. आणि ‘माझ्याकडे कुणाचे खत पडून आहे का?’ हा प्रश्न श्रोत्यांना विचारण्याआधी गादीवर उभे राहून स्वतःला विचारा. खत कागदाचेच असते असे नाही.

ते म्हातारे टाळकरी पुन्हा भेटले नाहीत. त्यांना द्यायचे उत्तर इतक्या वर्षांनी येथे लिहिले. जुन्या हिशेबाच्या कागदाखाली लिहीत, तेच मीही लिहितो : चूकभूल द्यावी घ्यावी.

रामकृष्णहरी.